तेलाचा साठा कोणत्या बाजूने भरला, हे कळतं कसं?

नॉर्वेच्या बर्गन शहराच्या पश्चिमेला, उत्तर समुद्राच्या तळाखाली ट्रोल नावाचं वायूक्षेत्र आहे. ते १९७९ मध्ये सापडलं. नॉर्वेच्या सागरी हद्दीतल्या एकूण वायूपैकी साधारण ४० टक्के वायू या एकट्या क्षेत्रात आहे. वर वायू, त्याखाली तेलाचा पातळ थर आणि त्याखाली पाणी, अशी तिथली मांडणी. हलकं वर, जड खाली. इथपर्यंत सगळं शाळेतल्या पुस्तकाप्रमाणे. पण पश्चिम ट्रोलमध्ये विहीर तेलाच्या थरातून आणखी खाली, पाण्याच्या हद्दीत नेली आणि तिथला खडक वर काढून अतिनील दिव्याखाली धरला, तर तो चमकतो. म्हणजे तिथेही तेल आहे! उपसून काढण्याजोगं नाही, वाळूच्या कणांमधल्या फटींत अडकून बसलेले नुसते थेंब.

पाण्याच्या हद्दीत हे तेल आलं कसं? वरून झिरपलं म्हणावं, तर तेल पाण्यातून खाली उतरत नाही. मग एकच शक्यता उरते. कोणे एके काळी तेलाची खालची हद्द तिथपर्यंत होती, नंतर ती वर सरकली आणि जाताना मागे हा डाग सोडून गेली. साठा आज दिसतो तसा कायम नव्हता. तो कधी भरला, किती हप्त्यांत भरला, मध्ये काय बिघडलं, हे शोधून काढण्याचं काम भूरसायनशास्त्र करतं. तेलाच्या रेणूंमध्ये आणि ते धरून ठेवणाऱ्या खडकात या इतिहासाचे पुरावे शिल्लक असतात.

सुरुवात तेलाच्या जन्मापासून करावी लागेल, कारण तेल सापडतं एकीकडे आणि बनतं दुसरीकडे. ट्रोलचं तेल बनलं ते पश्चिमेला, वायकिंग ग्राबेन नावाच्या खोल खचलेल्या पट्ट्यात. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथल्या समुद्रतळावर शैवालाच्या अवशेषांनी भरलेला काळा चिखल साचला. पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसल्यामुळे तो कुजून संपला नाही. या थराला ड्राउप्ने म्हणतात. त्यावर गाळाचे थरावर थर चढत गेले, तो खोल दबला आणि तापला. तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की अशा खडकातून तेल सुटायला लागतं, आणि १५० च्या पुढे मुख्यतः वायू. तेल शिजणाऱ्या या खोल भागाला भूवैज्ञानिक किचन म्हणतात.

खडक हळूहळू खचत असतो, त्यामुळे तापमानही हळूहळू चढतं आणि तेल सुटण्याचं काम कोट्यवधी वर्षं चालतं. या काळात बाहेर पडणारा माल बदलत जातो. सुरुवातीचं तेल जड आणि चिकट असतं. नंतरचं हलकं, आणि अखेरीस वायू. त्यामुळे एकाच किचनमधून एकाच साठ्यात आलेलं तेलही सगळं एकसारखं नसतं. पुढचं सगळं शास्त्र याच फरकावर उभं आहे.

किचनमधून सुटलेलं तेल पाण्याने भरलेल्या सच्छिद्र वालुकाश्मातून वरवर सरकतं. ते रुंद पसरून येत नाही, थरांच्या उंचवट्यांखालून चिंचोळ्या वाटांनी येतं. त्यामुळे साठ्याच्या सापळ्यात, म्हणजे वरच्या घट्ट खडकामुळे तेल अडून साचतं त्या जागेत, ते बहुधा एका ठरावीक बाजूनेच शिरतं. आधी आलेलं तेल जागा धरतं, मागून आलेलं त्याला पुढे रेटतं. मुंबईच्या लोकलमध्ये पहिल्या स्टेशनवर चढलेला माणूस गर्दीने ढकलला जाऊन पार आत पोचतो आणि शेवटी चढलेला दारात लटकतो, तसंच. म्हणजे सर्वांत जुनं, कमी शिजलेलं तेल साठ्याच्या दूरच्या टोकाला असतं, आणि सर्वांत नवं, जास्त शिजलेलं तेल प्रवेशाच्या बाजूला. क्षेत्रभरातल्या विहिरींमधून नमुने घेतले आणि 'शिजलेपणा' नकाशावर मांडला, की तेल कोणत्या दिशेने आलं ते दिसायला लागतं.

इथे शंका यायला हवी. इतक्या काळात हे सगळं एकमेकांत मिसळून एकजीव का होत नाही?

होतं, पण फार सावकाश. १९८७ मध्ये बीपी या तेल कंपनीतल्या इंग्लंड (हे आडनाव आहे) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं गणित मांडलं. खडकाच्या छिद्रांत तेल ढवळलं जात नाही. एकेक रेणू आपल्या गतीने भरकटत जातो. अशा भरकटण्यात अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. साठ्याची उंची साधारण १०० मीटर धरली, तर वरच्या-खालच्या तेलातला फरक पुसला जायला दहा लाख वर्षांच्या घरात वेळ लागतो. त्याच हिशेबाने एक किलोमीटर आडवं अंतर म्हणजे दहा कोटी वर्षं. क्षेत्रं तर कित्येक किलोमीटर लांब असतात. घनतेतल्या फरकामुळे जड तेल खाली आणि हलकं वर जाऊन काही मिसळण लवकर होते, हे खरं. पण आडवे फरक टिकतात. पृथ्वीच्या मापाने हे साठे तरुण आहेत, आणि म्हणूनच आपल्याला काहीतरी वाचता येतं.

आता तेल किती शिजलंय हे मोजायचं कसं? म्युनिकचा रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स याने १९३४ मध्ये या कामाचा पाया घातला. कच्च्या तेलात त्याला पॉर्फिरिन नावाचे रेणू सापडले. झाडाच्या हरितद्रव्याचाच सांगाडा, फक्त मधल्या मॅग्नेशियमच्या जागी व्हॅनेडियमसारखा धातू येऊन बसलेला. तेल सजीवांपासून बनतं याचा हा रेणूंच्या पातळीवरचा पुरावा होता. त्यानंतर असे शेकडो रेणू सापडले. त्यांना जैवखुणा म्हणू. होपेन हे जीवाणूंच्या पेशीपटलातून आलेले, स्टेरेन हे स्टेरॉलपासून बनलेले. आपल्या रक्ताच्या रिपोर्टातलं कोलेस्टेरॉल त्याच कुळातलं.

स्टेरेनचा एक गुण फार कामाचा आहे. एका विशिष्ट कार्बनभोवतीची रचना डाव्या-उजव्या हातांसारखी दोन प्रकारची असू शकते, पण सजीवाने बनवलेल्या रेणूत ती नेहमी एकाच हाताची असते. तिला आर म्हणतात. खडक तापत गेला की काही रेणू उलटून दुसऱ्या हाताचे, म्हणजे एस होतात. कोवळ्या खडकात एस जवळजवळ शून्य. तापमान आणि काळ वाढत जातो तसं एसचं प्रमाण चढतं आणि साधारण ५५ टक्क्यांवर येऊन थांबतं. समजा, एका क्षेत्राच्या पश्चिमेकडच्या विहिरीत हे प्रमाण ५२ टक्के आलं, मधल्या विहिरीत ४८ आणि पूर्वेच्या टोकाला ४४, तर तेल पश्चिमेकडून आलं असा अंदाज बांधता येतो. मात्र ५५ ला पोचल्यावर ही मोजपट्टी संपते. तिथून पुढे मोजायला दुसरे रेणू घ्यावे लागतात, उदाहरणार्थ मिथाइलफेनँथ्रीन.

मोजण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. तेलाचा थेंबाहूनही लहान अंश गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडतात. आत ३० ते ६० मीटर लांबीची, केसासारखी बारीक नळी वेटोळं करून भट्टीत बसवलेली असते. भट्टी हळूहळू तापते, हलके रेणू आधी बाहेर पडतात, जड नंतर. कागदावर उमटतात ती टोकदार शिखरं, ठरावीक अंतराने एकामागून एक. ही सरळ साखळीच्या मेणचट रेणूंची. जैवखुणा इतक्या थोड्या असतात की त्या अशा दिसत नाहीत. त्यांच्यासाठी पुढे मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजून ते ओळखणारं यंत्र, जोडावं लागतं. आणि या सगळ्याच्या आधी एक कंटाळवाणी पण सक्तीची तपासणी असते. विहीर खणताना वापरलेल्या चिखलात तेल मिसळलेलं असेल, तर नमुन्यात निसर्गाच्या तेलाऐवजी तेच मोजलं जाण्याचा धोका असतो.

जैवखुणा तेलाचं मूळ गावही सांगतात. इथे मुंबई हायचं उदाहरण घरचं आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात विहिरी खणणाऱ्या रिगने तिथे तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथला मुख्य साठा मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे. पण तेल बनलं ते त्याहून कितीतरी जुन्या पन्ना थरात. हा थर दख्खनच्या लाव्हारसानंतर, सुमारे साडेसहा ते पाच कोटी वर्षांपूर्वी, किनाऱ्यालगतच्या दलदली आणि उथळ समुद्रात साचला. त्यात कोळसाही आहे. साहजिकच या भागातल्या तेलात जमिनीवरच्या वनस्पतींचा अंश ठळक आहे. तेल मेणचट आहे आणि त्यात ओलिअनेन सापडतं. हा रेणू सपुष्प वनस्पतींचा. सपुष्प वनस्पती पृथ्वीवर पसरल्या त्या क्रिटेशियस काळात आणि नंतर, त्यामुळे ट्रोलच्या ज्युरासिक काळातल्या समुद्री चिखलाकडून त्याची अपेक्षाच नाही. मुंबई हायचा माथा त्या काळात उंचवटा होता, आजूबाजूचे भाग खोल खचत होते. किचन त्या खोलगट भागांत, साठा माथ्यावर. इतकंच नाही, तर मुंबई हायच्या तळाशी असलेल्या भेगाळलेल्या बसाल्टमध्येही तेल मिळालंय. सह्याद्रीचाच कातळ तो, तेल बनवण्याची त्याची ऐपत नाही. शेजारच्या खोलगटातून सरकत आलेल्या तेलाने भेगांत मुक्काम केला, इतकंच.

जैवखुणांवर आंधळा विश्वास टाकू नये, असं माझं मत आहे, आणि त्याला कारण आहे. कमी शिजलेल्या तेलात जैवखुणा भरपूर असतात, जास्त शिजलेल्यात त्या उष्णतेने मोडून अगदी थोड्या उरतात. आता दोन्ही मिसळले तर? मिश्रणात नवं तेल नव्वद टक्के असलं तरी जैवखुणा बहुतेक त्या जुन्या दहा टक्क्यांच्याच दिसतील. नुसते स्टेरेन पाहणारा माणूस म्हणेल, हे कोवळं तेल आहे. म्हणून हलक्या रेणूंची मोजणी वेगळी करावी लागते. दोन्ही मोजण्या दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगू लागल्या, की साठा एकाहून अधिक वेळा भरला असा संशय घ्यायचा.

दुसरा मोठा पुरावा जंतूंचा. साठ्याचं तापमान साधारण ८० अंशांच्या खाली असेल, तर तेल आणि पाणी भेटतात तिथे जीवाणू तेल खातात. आधी सरळ साखळीचे रेणू, मग फांद्यांचे, अगदी शेवटी होपेनसारखे चिवट. खाल्लेल्या तेलाच्या आलेखात ती टोकदार शिखरं गायब होतात आणि खाली नुसता एक पसरट फुगवटा उरतो. भरणीचा इतिहास शोधणाऱ्यांना सर्वांत आवडतो तो विसंगत नमुना. एकीकडे २५-नॉरहोपेन, जो फार जबर खाल्लेल्या तेलातच मिळतो, आणि त्याच नमुन्यात ताजीतवानी सरळ साखळीची शिखरं! एकाच तेलाच्या बाबतीत या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. पहिलं तेल आलं, जंतूंनी त्याचा फडशा पाडला, नंतर दुसरा हप्ता येऊन त्यात मिसळला. क्रमासकट उत्तर एका बाटलीत.

२००१ मध्ये यात एक छान भर पडली. काही उथळ, थंड साठ्यांत तेल खाल्लेलं का नाही, याचा उलगडा विल्हेल्म्स, लार्टर वगैरे संशोधकांनी केला. हे खडक पूर्वी कधीतरी ८०-९० अंशांपर्यंत तापून निर्जंतुक झाले होते. पुढे जमीन उचलली गेली, खडक थंड झाले, तरी जंतू परत आले नाहीत.

तिसरा पुरावा तेलाच्या बाटलीत नसतो, खडकात असतो. वाळूच्या कणांवर क्वार्ट्झचा नवा थर वाढतो तेव्हा त्यात भोवतालच्या द्रवाचे कण कोंडले जातात. काही मायक्रॉनचे, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे. ते पुन्हा बाहेर येत नाहीत, जंतूंनाही सापडत नाहीत. त्यामुळे बाहेरचं तेल कितीही वेळा बदललं तरी आत त्या दिवशीचं तेल तसंच राहतं. अतिनील प्रकाशात ते चमकतात, जड तेल पिवळट-नारिंगी आणि हलकं निळसर. पाण्याच्या कोंडलेल्या कणात थंड झाल्यावर एक बुडबुडा तयार झालेला असतो. खडकाची चकती सूक्ष्मदर्शकाखाली तापवत नेली की एका तापमानाला तो बुडबुडा नाहीसा होतो. कण कोंडला गेला तेव्हाचं तापमान किमान तितकं होतं. हा थर कोणत्या काळात किती खोल आणि किती गरम होता याचा आलेख हाती असेल, तर त्यावरून वर्षांचा अंदाज येतो. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेने तेल कोंडलेल्या कणांची टक्केवारी मोजून जुन्या तेलसाठ्याची उंची ठरवण्याची पद्धत रुळवली. तिमोर समुद्रात आज वायू असलेल्या काही सापळ्यांत पूर्वी तेल होतं, हे त्यातूनच कळलं.

आता ट्रोलकडे वळू. तेल पश्चिमेच्या किचनमधून आलं. वाटेत ओसेबर्ग आणि ब्रागे ही क्षेत्रं लागतात. सापळा भरून वाहिला की जादा तेल पुढच्या सापळ्यात, या रीतीने ट्रोलपर्यंत मजल गेली. जैवखुणा एकाहून अधिक हप्ते दाखवतात, आणि ड्राउप्नेच्या एकाच प्रकारच्या चिखलावर सगळ्यांचा हिशेब लागत नाही. साठा उथळ आहे, तापमान ७० अंशांच्या आसपास, त्यामुळे जंतूंनी तेल खाल्लं. भूवैज्ञानिक मापाने अगदी अलीकडे नॉर्वेची भूमी हिमनद्यांनी खरवडली गेली, किनाऱ्याकडची बाजू उचलली गेली आणि समुद्राकडची खचली. सगळा साठा पश्चिमेकडे कलला. द्रव मात्र आपली पातळी सपाटच ठेवतात. त्यामुळे तेलाची जुनी हद्द खडकाबरोबर पश्चिमेला खाली गेली, तेल आणि वायूने नव्याने जागा धरल्या, आणि सुरुवातीला पाहिलेले ते थेंब पाण्यात मागे राहिले. पश्चिम ट्रोलच्या तेलप्रांतात तेलाचा थर मुळात २२ ते २६ मीटर होता, पूर्व ट्रोलमध्ये जेमतेम चार मीटरपर्यंत. एवढ्या पातळ थरातून उत्पादन परवडेल का याची बरीच वर्षं शंका होती. आडव्या विहिरी खणण्याचं तंत्र आलं तेव्हा कुठे ते जमलं.

ट्रोलमध्ये एक गोष्ट मात्र ठरलेल्या नियमात बसत नाही. कॅनडाचा भूवैज्ञानिक विल्यम गुसो याने १९५४ मध्ये मांडलं होतं की सापळ्यांच्या रांगेत वायू शेवटी येतो, माथा बळकावतो आणि तेलाला खालून बाहेर ढकलतो. म्हणजे किचनजवळच्या सापळ्यांत वायू आणि दूरच्या सापळ्यांत तेल. ट्रोल दूर आहे आणि तरी वायूने भरलेलं. हा वायू बहुतांश मिथेन आहे, आणि त्यातला काही भाग तेल खाणाऱ्या जंतूंनीच तयार केला असावा असं संशोधक मानतात. मला हे पटतं. किचनमधून आलेल्या वायूत ईथेन, प्रोपेन वगैरे बरोबर असायला हवेत, ते इथे फारच कमी आहेत.

आतापर्यंत सांगितलेलं सगळं क्रमाबद्दल होतं. नेमकं साल काढणं अवघड. २००५ मध्ये सेल्बी आणि क्रीझर यांनी कॅनडातल्या अथाबास्काच्या डांबरी वाळूतल्या तेलाचं वय थेट मोजलं. तेलात अत्यल्प रेनिअम असतं. त्याचं किरणोत्सारी समस्थानिक ऑस्मियममध्ये बदलतं, अर्धायुष्य चार हजार कोटी वर्षांहून अधिक. उत्तर आलं सुमारे ११.२ कोटी वर्षं, ५३ लाख इकडे-तिकडे. पण खडकाच्या तापण्याच्या गणितावर भिस्त ठेवणारे काही अभ्यासक त्याहून अलीकडचा काळ सांगतात. शिवाय हा आकडा तेल बनल्याचा की ते साठ्यात पोचल्याचा, यावरही वाद आहे.

या सगळ्याचा कामाच्या जागी उपयोग काय? दोन शेजारच्या विहिरींतल्या तेलाचे बारीकसारीक रेणू जुळत नसतील तर मध्ये भिंत असू शकते, म्हणजे एका विहिरीने उपसा केला तरी दुसरीकडचं तेल हलणार नाही. फरक हळूहळू वाढत गेलेला असेल तर तो भरणीचा उरलेला ठसा. एका प्रस्तरभंगापाशी एकदम उडी मारत असेल तर भिंतीचा संशय बळकट. या दोहोंत गल्लत झाली तर एक अनावश्यक विहीर खणली जाते, आणि समुद्रातली विहीर म्हणजे शेकडो कोटींचा मामला.

कोरड्या विहिरीसुद्धा याच प्रयोगशाळेत पाठवाव्यात. तेल न मिळालेल्या विहिरीतल्या खडकाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि कोंडलेलं तेल कुठेच दिसलं नाही, तर त्या सापळ्यापर्यंत तेलाची वाट बहुधा पोचलीच नव्हती. त्याच्या पुढच्या, त्याच वाटेवर अवलंबून असलेल्या सापळ्यांवर पैसे लावण्यात अर्थ नाही. उलट कणांत तेल भरपूर दिसलं, तर सापळा भरला होता आणि नंतर फुटला. तेल तिथून कुठेतरी गेलंय. मग वरचा झाकणखडक कुठे तडकला हे पाहायचं आणि चढाच्या दिशेने पुढचा सापळा शोधायचा.